वन्संची गिटार जुनी करताना

गिटार आइस्क्रीमच्या फ्रीझरमध्येही ठेवतात, हे मला सत्तरी ओलांडल्यावर कळलं. देवाने इतकं आयुष्य कशाला दिलं असेल असा प्रश्न मला अधूनमधून पडायचा. आता पडत नाही.

गिटार माझ्या नणंदेची, म्हणजे वन्संची. वन्संनी लग्न केलं नाही, नर्सची नोकरी केली आणि देवळाली प्रवऱ्यात आमच्याच घरात राहिल्या. नोकरी नवी असताना त्या एकदा नगरहून मोठं खोकं घेऊन आल्या, तेव्हा सासूबाईंना वाटलं, शिलाई मशीन आलं. निघाली लालभडक इलेक्ट्रिक गिटार, कलकत्त्याला बनलेली, लग्नात वाजवणाऱ्या कुठल्याशा मोडलेल्या ऑर्केस्ट्राची. सासूबाई म्हणाल्या, "एवढ्या ताराच पायजे हुत्या तर अंगणात बांधायच्या, धुनं तरी वाळलं असतं." चर्चच्या पंचकमिटीलाही बाईने विजेवर वाजवणं पसंत पडलं नाही. वन्संनी वाद घातला नाही, आवाज वाढवला.

पुढे त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकले. जन्मभर दुसऱ्यांना सुया टोचलेली ही बाई, पण स्वतःच्या ऑपरेशनला अशी घाबरायची की काही विचारू नका. नुसता उजेड-अंधार कळायला लागला तरी ढिम्म. गिटार मात्र हाताच्या अंदाजाने वाजवायच्या, चर्चमधला एकही नाताळ चुकला नाही. शेवटी यंदा माझ्या मुलाने त्यांना जवळजवळ उचलूनच नगरला नेलं. डोळ्यांचं काम झालं आणि औषधाचे थेंब घालायला त्या तिथेच मैत्रिणीकडे राहिल्या.

तेवढ्यात मुलाच्या डोक्यात आलं, आत्या नव्या डोळ्यांनी घरी येणार, तर तिला गिटारही नवी दिसावी. त्याने ती केडगावच्या एका गॅरेजात दिली. तिथले म्हातारे मिस्त्री गाड्यांना अजून जुना ड्युको रंग मारतात. गिटार परत आली ती नवरदेवाच्या गाडीसारखी. तिच्यात बघून मी कुंकू सरळ लावलं असतं, पण आम्ही ख्रिस्ती, म्हणून नुसते केस नीट केले. चर्चच्या पाळकसाहेबांनी बघितली आणि लगेच बायबलातलं एक वचन म्हणून दाखवलं. त्यांच्याकडे पंक्चरसाठीही वचन असतं.

वन्सं काळा गॉगल लावून टेम्पोतून उतरल्या. गॉगल वर करून आधी मला निरखलं.

"वैनी, तू कवा गं म्हातारी झाली?"

"तुमी बघत नव्हता तवा."

मग मुलाने गिटार त्यांच्या मांडीवर ठेवली. वन्संनी आधी बघितलंच नाही. वर्षानुवर्षांची सवय, हात फिरवला. वरच्या कडेवर हात घसरला. पुन्हा ठेवला, पुन्हा घसरला. पाठीमागून बोटं फिरवली आणि गिटार खाटेवर ठेवून दिली.

"ही कुणाची हाय?"

"आत्या, तुझीच. रंग दिला फक्त."

"माझी न्हाई. हात कुठं टेकवायचा तेच कळंना." आणि थोड्या वेळाने, अगदी सहज, "यंदा नाताळात पोरांनाच वाजवू द्या."

हे 'यंदा' मला चांगलं ठाऊक आहे. माझं शिवणकाम मी असंच 'यंदा राहू दे' म्हणून ठेवलं होतं. मशीनवर आता कांदे वाळत असतात. या वयात वन्संनी गिटार एकदा भिंतीला लावली की ती कायमची, हे मला कळत होतं. मुलाला तर जेवण गेलं नाही.

मग त्याने मोबाईलमध्ये शोधाशोध केली. म्हणे परदेशात लोक पैसे मोजून नवीकोरी गिटार मुद्दाम जुनी करून घेतात. खरवडून, तडे पाडून, डाग लावून.

मी म्हटलं, "आरं, मग मला न्हेऊन ठेव की तिथं. मी आयती तयार हाय."

दुपारी वन्सं झोपल्या की आम्ही मायलेक मागच्या पडवीत बसायचो. मोबाईलमधल्या माणसाने सांगितलं, पाठीमागे पट्ट्याच्या बकलाचे ओरखडे काढा. मी म्हटलं, "वन्संनी जन्मात कधी पट्टा बांधला का? त्यांच्या कमरेला किल्ल्या असतात." मग उशाखालून त्यांचाच जुडगा हळूच काढून आणला आणि पाठीवर घासला. पुढे तारांच्या खाली बांगड्यांनी रंग खाल्लेला असायचा, तिथे काचपेपर आणि माझ्या बांगड्या. वरच्या कडेला, जिथे त्यांचा हात टेकायचा, तिथे रंग पार लाकडापर्यंत उतरवला. मुलगा म्हणे, "आई, बास." मी म्हटलं, "तू घास. चर्चला त्यांच्या बाजूला मी बसते, तू न्हाई." उघड्या लाकडाला चहाचं कडक पाणी लावलं, नाहीतर ते सोललेल्या बटाट्यासारखं दिसत होतं.

राहिले तडे. त्यासाठी रंगाला आधी गारठवायचं आणि लगेच तापवायचं. मुलाने स्क्रू काढून गिटारची मान वेगळी केली, तारा-वायरी काढल्या. धड मी चादरीत गुंडाळून कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात नेलं. थंडीत आइस्क्रीमचा फ्रीझर रिकामाच असतो.

दुकानवाली म्हणाली, "काकू, नाताळाचं मटण एवढ्या लवकर?"

"मटण न्हाई, गिटार हाय."

"तुमच्यात गिटारबी खात्यात व्हय?"

"जुनी झाली की खातो. आदी मुरवावी लागती."

बिचारीने दिवसभर फ्रीझर उघडला नाही. दुसऱ्या दिवशी धड बाहेर काढलं आणि उसाच्या चिपाडावर पेटवलेल्या अंघोळीच्या बंबाच्या धगीशी धरलं. टिक् टिक् टिक् करत रंगावर बारीक रेषा धावत सुटल्या. मी घाबरून मागे सरले. मुलगा मात्र कितीतरी दिवसांनी हसला. शेवटी सगळं जोडल्यावर मी कडेला थोडा गुडघ्याचा बाम चोळला. वन्संची गिटार बामाच्या वासाशिवाय कशी असेल?

नाताळाच्या आदल्या सकाळी आम्ही ती वन्संच्या मांडीवर ठेवली. त्यांनी डोळे मिटले. हात वरच्या कडेवर गेला आणि टेकला. तिथेच राहिला. बांगड्या त्यांच्या जागेवर, किल्ल्या त्यांच्या जागेवर. नाक जवळ नेऊन हुंगलं. मुलाचा श्वास मला ऐकू येत होता.

मग त्यांनी गॉगल काढला आणि पहिल्यांदा नीट बघितलं.

"अगं बाई! इतकी भिकार हुती ही? आन् तुमी मला हिला घिऊन समद्या मंडळीम्होरं बसू देत हुता?"

"आत्या, परत रंग देऊ का?" मुलगा रडकुंडीला आला.

"हात लावून तर बघ," म्हणाल्या आणि त्याच्या बोटांवर चापट मारली.

नाताळच्या उपासनेला वन्सं पहिल्या बाकाजवळ त्यांच्या खुर्चीवर बसल्या. पहिलं गीत सगळं चुकलं. वन्सं पूर्वी चुकायच्या नाहीत, कारण बोटं दिसायचीच नाहीत. आता बोटं बघायच्या, तडे बघायच्या, लाकूड बघायच्या आणि सूर भलतीकडे. मंडळी गाता गाता थांबली. मुलाने मान खाली घातली. मी मनात म्हटलं, ठेवतात आता भिंतीला.

वन्संनी पिशवीतून काळा गॉगल काढला आणि चढवला.

पाळकसाहेब वाकून हळूच म्हणाले, "बाई, आतमध्ये गॉगल कशाला?"

"साहेब, मला ती बघायची न्हाई, वाजवायची हाय."

आणि आवाज वाढवला. दुसरं गीत असं वाजलं की पंचकमिटीतल्या एका म्हाताऱ्याने कानातलं यंत्र काढून खिशात ठेवलं. वन्संचा हात कडेवर टेकलेला, कमरेच्या किल्ल्या गिटारच्या पाठीवर तालात खळखळत होत्या. मुलगा माझ्या कानाशी आला.

"आई, ऐक. हे नवे ओरखडे फुकटात."

"गप, गाणं म्हण," मी म्हटलं. मला स्वतःला एक ओळ आठवेल तर शपथ.