बोरीखालच्या मातीची प्लेट

आधीच सांगते — भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नव्हता. मी यीस्ट आणि बुरशीवर पीएचडी करतेय. लोकांना जिथं करणी दिसते, तिथं मला आधी ओल दिसते आणि मग बुरशी! त्यामुळे हे लिहितानाही जरा लाजच वाटतेय...

आम्ही गारखेड्यात राहतो, मी आणि आई. शेत शेंद्र्याला. माझ्या जन्माआधी आईला एक मुलगी होती, मंगल. चार वर्षांची असताना तापात गेली. लहान म्हणून तिला पुरलं, पण बायकांनी जायचं नसतं, त्यामुळे आई घरीच राहिली. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, तिला जागा कधीच सांगितली नाही. ही तिथंच जाऊन बसेल अशी त्यांना भीती. सोबत गेलेल्या काकांनाही शपथ घातली. पुढे अण्णाही गेले. आई अजून भाजी निवडता निवडता मध्येच म्हणते, "कुठं ठिवलं आसंल गं पोरीला?"

तर काम असं. काही बुरशी केसांवर जगतात. त्या मातीत आहेत का हे बघायला ओल्या मातीवर केसांचे तुकडे आमिष म्हणून टाकतात. घरात आईची गुंतवळ होतीच, केसांवर भांडी देणारी बाई येईल म्हणून साठवलेली. तीच नेली. बारीक तुकडे केले, निर्जंतुक केले, शेतातल्या वेगवेगळ्या ठिकाणची माती प्लेटांत घेऊन वर विस्कटून टाकले. झाकणांना टेप लावून सगळ्या प्लेटा इन्क्युबेटरमध्ये. किल्ली माझ्याच पर्समध्ये.

काही दिवसांनी दुपारी उघडून पाहिलं. सगळीकडे नेहमीची पांढरी लव — एक प्लेट सोडून. तिच्यात बुरशीचा ठिपकाही नव्हता. केसांचे तुकडे मात्र एका रेषेत आले होते आणि दोन पेडांत पिळलेले होते, पार टोकापर्यंत... बुरशी केसांचा गुंता करते हो, पीळ घालत नाही! माझे गाईड सर म्हणाले, "कुणीतरी चेष्टा केली असेल." पण टेप होती तशीच होती.

संध्याकाळी आईला मोबाईलवर फोटो दाखवला, तोही हसत हसत. "बघ तुझ्या केसांचे प्रताप."

आई हसली नाही. चष्मा पुसून परत पाहिलं.

"ही वेणी मंगीनं पिळलीय."

"आई, काहीतरीच काय!"

"तिला तीन पेड येत नव्हते गं. माझ्या मागं उभी ऱ्हायची आन् दोनच पेड पिळायची. मी तशीच हिंडायची दिवसभर, सोडायची नाय." मग तिनं माझं मनगट धरलं. "माती कुठली हाय ही?"

झाकणावर माझ्याच अक्षरात लिहिलं होतं — बांधावरची बोर.

काकांना फोन करून तेवढंच विचारलं, मंगल बोरीखाली आहे का? ते म्हणाले, "तुला कुणी सांगितलं?"

ती प्लेट मी प्रबंधात घेतलेली नाही. कारण काय लिहू?

गेल्या आठवड्यात आईला शेतात घेऊन गेले. ती बोरीकडे पाठ करून बसली, अंबाडा सोडला आणि केस पाठीवर मोकळे टाकले. ऊन उतरायला लागलं तशी मी म्हटलं, "आई, निघायचं ना?"

"थांब जरा," ती म्हणाली. "व्हऊ दे तिचं."