बदलीसाठी उचललेलं वजन

विषय : सडपातळ लिपिकाने पॉवरलिफ्टिंगच्या जिल्हा स्पर्धेत उतरून स्वतःची शोभा करून घेतल्याबाबत.

संदर्भ : धुळे येथून जळगाव येथे बदली मिळण्याबाबतचा माझा अर्ज.

उपरोक्त विषयी सविनय सादर करतो की, गाढवपणा सर्वस्वी माझाच होता. दुसऱ्या कुणावर ढकलता येतो का, हे मी उरलेली सगळी नोकरी तपासून पाहिलं. नाही येत. तेव्हा चहा घ्या, सांगतो.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. मी नोकरीला धुळ्यात, घर जळगावजवळ असोद्याला. घरी नाना, म्हणजे माझे वडील, अर्धांगाने खाटेवर. बायको एकटी त्यांचं सगळं करायची. त्यांना उठवून बसवायचं तर तिला शेजारच्याला हाक मारावी लागे. शनिवारी मी एसटीने पारोळा, एरंडोल करत रात्रीपर्यंत घरी पोचायचो. नानांना उचलून खुर्चीत बसवायचो. ते एकच विचारायचे, "कायमचा कव्हा येशीन रे?"

"अर्ज दिलाय नाना."

सोमवारी परत धुळे.

आमच्या ऑफिसात भास्करराव नावाचे एक गृहस्थ होते. काम सोडून त्यांना सगळं ठाऊक असे. ते म्हणाले, "नुसत्या आजारी वडिलांवर बदली होत नाही. आजारी वडील सगळ्यांनाच असतात. खेळाडू व्हा! खेळाडूला आधी विचारतात."

"मी? या वयात? कुठला खेळ?"

"पॉवरलिफ्टिंग. वजनी गट असतात. तुमच्या गटात माणूसच नाही. जिल्ह्यात तुमच्याइतका वाळलेला मनुष्य या खेळाकडे फिरकतोच कशाला? एकटेच उतरा, पहिले या."

देवाने दिलेल्या या देहाचा कुणाला तरी उपयोग सुचला, याचंच मला भरून आलं.

उखाभाऊ उस्तादांची व्यायामशाळा एका बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंगच्या शेडमध्ये होती. उस्तादांनी माझ्याभोवती एक फेरी मारली. बाजारात बैल बघतात तशी. फक्त दात तेवढे बघितले नाहीत.

"भाऊ, तुन्हा घरना लोकस्ले माहीत शे का?"

"बदलीसाठी आहे, उस्ताद."

"मंग ठीक शे. मरनारा मानूस काय बी करस."

त्यांनी खेळ समजावला. तीन प्रकार. खांद्यावर दांडा घेऊन बसायचं आणि उठायचं. आडवं पडून छातीवरून ढकलायचा. आणि शेवटी जमिनीवरून उचलून ताठ उभं राहायचं. प्रत्येकाला तीन संधी. एका प्रकारात तिन्ही गेल्या, तर बाकीचं सगळं मातीत. आणि मुख्य म्हणजे, पंच "डाऊन" म्हणेपर्यंत दांडा खाली ठेवायचा नाही. मी मनात म्हटलं, वरिष्ठांच्या आदेशाशिवाय काही करायचं नाही, हा तर आपलाच खेळ!

पण बसलो की मला उठता येईना. महिनाभर मी रोज संध्याकाळी खाली बसत होतो आणि दोन पोरं मला दांड्यासकट वर काढत होती. शेवटी उस्तादांनी डोकं खाजवलं.

"भाऊ, हापिसमा साहेब उना म्हणजे तू कसा उठस?"

"कसा म्हणजे? साहेब आले की ताडकन. आपोआप."

"मंग बस खाली."

मी बसलो. मागून उस्ताद गरजले, "साहेब उना!"

आणि काय सांगता! मी उभा! मांड्यांना कळायच्या आत उभा! शेडमधली पोरं हसून लोळली. त्या दिवसापासून तोच आमचा मंत्र झाला. दांडा जड झाला की उस्ताद ओरडायचे, "साहेब उना!" आणि माझ्या अंगात कुठून कोण जाणे, सरकारी बळ यायचं.

ऑफिसात बातमी फुगत गेली. लोखंडी कपाट हलवायचं? बोलवा पहिलवानाला! खिडकी उघडत नाही? पहिलवान! एका अभ्यागताने आवाज चढवला, तर मला त्याच्यासमोर नुसतं उभं केलं. तो माझ्याकडे पाहून आणखी चिडला, ते सोडा.

इकडे शनिवारचं उचलणं चालूच होतं. पाठ सरळ, गुडघ्यांतून जोर, हे शिकल्यापासून नानांना उठवणं सोपं झालं. मला वाटायचं, ताकद आली. मग लक्षात आलं, की नाना दर आठवड्याला हलके होत चाललेत. दांडा मात्र जड होत होता.

स्पर्धा धुळ्यातच, एका शाळेच्या सभागृहात होती. आयोजकांना पाहुणे मिळेनात. तिथे माझी बुद्धी चालली. म्हटलं, आमच्या साहेबांनाच बोलवा. बदलीची शिफारस त्यांच्याच हातात. डोळ्यांनी बघतील, तिथल्या तिथे विरघळतील. सांगा, याला काय म्हणाल?

साहेब संध्याकाळी बक्षिसं वाटायला येणार होते.

पहिला प्रकार पार पडला. उस्तादांचा मंत्र आणि माझी नोकरी, दोन्ही कामी आली. दुसराही कसाबसा झाला. तिसऱ्यात पहिल्या वेळी गुडघे सरळ झाले नाहीत. दुसऱ्या वेळी दांडा हातातून निसटला. उरली शेवटची संधी. गटात मी एकटा. उचललं की पहिला. समोर मला दांडा दिसत नव्हता, असोद्याची एसटी दिसत होती.

वाकलो. ओढलं. दांडा गुडघ्यांवर आला, मांडीवर आला. ताठ झालो. डोळ्यांपुढे काजवे. आता फक्त स्थिर राहायचं आणि पंचांच्या "डाऊन"ची वाट पाहायची. पंचांचा हात वर होता. आता खाली येणार…

तेवढ्यात दारावरचा स्वयंसेवक ओरडला, "साहेब उना! साहेब उना!"

खरंच आले होते. वेळेच्या आधी. सरकारी माणूस वेळेच्या आधी येतो, हे माझ्या हिशेबात कसं असणार?

उभं राहणं शक्य नव्हतं, कारण मी उभाच होतो. मग पुढची पायरी. मी दांडा धाडकन खाली टाकला, दोन्ही हात जोडले आणि कमरेत वाकून म्हणालो, "नमस्कार साहेब!"

तिन्ही पंचांचे लाल झेंडे वर गेले. उचल बाद.

उस्ताद भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. त्यांचे खांदे हलत होते. हसत होते की काय, ते मी कधी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. चक्क बसायला सांगितलं!

"काल मी भारावून गेलो हो. एवढं ओझं हातात, तरी तुम्हाला वरिष्ठांचा मान ठेवायचं भान!"

"साहेब, तेवढा माझा जळगावचा अर्ज…"

"अहो, असा माणूस मी जळगावला देऊ? डोकं फिरलंय का माझं? अर्ज राहू द्या. बघू."

बघता बघता उन्हाळा लागला, आणि एका मंगळवारी असोद्याहून निरोप आला. मी पोचलो तेव्हा नाना गेलेले होते.

तिरडी उचलली. पुढचा एक खांदा माझा, मागे उखाभाऊ. धुळ्याहून तसेच उठून आले होते. काही वजनच नव्हतं. गल्लीच्या तोंडाशी जीप थांबली, आणि कुणीतरी माझ्या कानाशी म्हणालं, "अहो, साहेब आले."

मी चालत राहिलो. मान वळवली नाही. विसाव्याच्या जागी म्हाताऱ्यांनी "ठेवा" म्हटलं, तेव्हाच खाली ठेवलं.

मागून उखाभाऊ हलक्या आवाजात म्हणाले, "आते बराबर, भाऊ."

त्या उचलीची नोंद कुठल्याही दप्तरात नाही.

पुढे मी धुळ्यातूनच सेवानिवृत्त झालो आणि असोद्याला राहायला आलो. मध्यंतरी कामानिमित्त धुळ्याला गेलो होतो, म्हणून सहज ऑफिसात चौकशी केली. जळगाव येथे बदली मिळण्याबाबतचा माझा अर्ज अद्याप विचाराधीन आहे.