तिन्ही पेल्यांत एकच बियर

ही गोष्ट मी आजवर कोणाला सांगितलेली नाही. बायकोलाही नाही. त्या दुपारी तिन्ही पेल्यांत एकच बियर होती, आणि ती मी ओतलेली.

नीट सांगतो. मी ठाण्याच्या नौपाड्यातला, शिक्षणाने केमिकल इंजिनियर, डोंबिवलीच्या एमआयडीसीत रंगांच्या कारखान्यात बरीच वर्षं काढलेला. माझा भागीदार शीळफाट्याजवळच्या गावातला, आगरी. कल्याणला कॉलेजात आम्ही एका बाकावर. जमीन त्याची, त्यावरची शेड त्याची, डोकं माझं, असं मी लोकांना सांगायचो. खरं तर बियरला डोक्याआधी जीभ लागते, आणि जीभही त्याचीच होती. ते मात्र मी कधी सांगितलं नाही.

त्या शेडमध्ये आम्ही गव्हाची बियर काढायला लागलो. टाक्या लहान, माझ्या खांद्याला लागतील एवढ्या. या बियरला पिकल्या केळ्याचा वास येतो. केळं घालून नव्हे, यीस्टमुळे. पहिली बरी टाकी उतरली तेव्हा पेला नाकाशी धरून तो ओरडलाच, "राजेळी! इंजिनियर, ही वसईची राजेळी केळी आहेत रे!" तेव्हापासून आमचं मोजमाप तेच. टाकी तयार झाल्याचं माझी यंत्रं सांगायची, पण माल बाहेर जायचा तो त्याने 'राजेळी' म्हटल्यावरच. नाही म्हणाला की टाकी थांबायची. एकदोनदा तर त्याच्या शब्दावर अख्खी टाकी गटारात सोडली, आणि मी नंतर कितीतरी दिवस त्याच्याशी तोंडभर बोललो नव्हतो.

ही जीभ त्याच्याकडे वडिलांकडून आलेली. त्यांच्या गावात हळदीच्या दिवशी दुपारीच मटणाचे टोप चढतात, आणि रांधतात पुरुष. टोप उतरवायच्या आधी रस्सा चाखायला एकाच माणसाला बोलवायचं, अशी त्यांच्या घराण्यात रीत. आधी त्याचे वडील, मग तो. तळहातावर रस्सा घ्यायचा, चाटायचा, आणि 'मीठ' किंवा 'उतरवा' एवढंच बोलायचं. त्यावर कोणी वाद घालत नाही. गळ्यात जाडजूड चेन, येणाऱ्याजाणाऱ्याची टिंगल करणारा हा माणूस. पण हात पुढे केला की एकदम देवळात उभा असल्यासारखा दिसायचा.

मग बियर चालली. ठाण्यातले बार मागायला लागले, पाठोपाठ पुण्याचे. ठाण्याच्या एका शेठनी पैसे घातले आणि मुरबाड रोडला मोठा प्लांट उभा राहिला. टाक्या दुमजली घराएवढ्या. त्याच्या आधी कधीतरी भागीदाराला कोविड होऊन गेलेला. बरेच दिवस त्याला कशाचाच वास येत नव्हता. मग एका सकाळी त्याचा फोन आला, "तुझ्या वहिनीने सुका बोंबील भाजला आणि मी घर सोडून पळालो. नाक परत आलं रे, भावा!" तो हसत होता. मीही हसलो.

नव्या प्लांटची पहिली टाकी चाखून त्याने पेला खाली ठेवला.

"केळी गेली."

"अरे, यीस्ट तेच, माल्ट तेच."

"असेल. पण केळी गेली. आणि मागून थेटरातल्या पॉपकॉर्नचा वास मारतोय."

"तुझं नाक अजून जरा..."

"माझ्या नाकाला काय झालं नाय. तू पी ना. पिऊन बोल."

मी प्यायलेलो. त्याच्या आधीच. तो म्हणत होता ते दोन्ही खरं होतं, आणि दोन्हीची कारणं मला माहीत होती. उंच टाकीत तळाशी दाब वाढतो, आणि दाबाखाली यीस्ट तो केळ्याचा वास कमी तयार करतं. पॉपकॉर्नसारखा बटरचा वास राहतो तो घाईमुळे. टाकी आणखी थोडी थांबवली की यीस्टच तो वास खाऊन टाकतं. दोन्हीवर इलाज होता. टाक्या अर्ध्या भरायच्या आणि वाट बघायची. पण शेठना एवढा प्लांट अर्धा चालवायचा नव्हता. आणि खरं सांगायचं तर मलाही नव्हता. एमआयडीसीत जन्मभर दुसऱ्याच्या प्लांटवर राबलेलो. हा माझा होता. त्याला कोणी नाव ठेवलं की मला अंगावर आल्यासारखं व्हायचं.

शेवटी शेठ म्हणाले, "भांडताय कशाला? चाचणी घ्या."

या धंद्यात त्याची ठरलेली पद्धत आहे. तीन पेले. दोनांत एक बियर, तिसऱ्यात दुसरी. वेगळा पेला ओळखायचा. रंग दिसू नये म्हणून मी घरचे स्टीलचे पेले नेले. दोनांत शेडमधली जुनी, एकात नव्या प्लांटची, असं ठरलं. त्याने ओळखलं तर टाक्या थांबवायच्या, नाही ओळखलं तर माल बाहेर काढायचा आणि शेड बंद.

ओतायला कोल्ड रूममध्ये मी एकटाच गेलो. तो ओळखणार हे मला पक्कं ठाऊक होतं. मी तिन्ही पेले जुन्या बियरने भरले.

त्याने एकेक घोट घेतला. परत पहिल्यावर गेला. मग हसला. "काय मस्करी करतोस काय? तिन्ही एकच आहेत. तिन्ही आपल्या शेडमधल्या. तिन्हीत राजेळी."

शेठ माझ्याकडे बघायला लागले.

"एक नव्या प्लांटची आहे," मी म्हणालो. "एक पेला निवडायलाच लागतो."

त्याचं हसू गेलं. पुन्हा प्यायला, या वेळी डोळे मिटून. फार वेळ लावला. "मग... हा," म्हणून डावीकडचा पुढे सरकवला.

"उजवीकडचा होता."

"घ्या!" शेठनी मांडीवर थाप मारली. "आता काय राहिलं?"

तो पेल्यात बघत बसला. मग हळूच म्हणाला, "म्हणजे नाक आलंच नाय परत. मला उगाच वाटत होतं."

तेव्हा तरी बोलायला जागा होती. मी म्हणालो, "होतं असं बऱ्याच जणांचं."

त्यानंतर त्याने कधी टाकी चाखली नाही. प्लांटवर येतो, कामगारांची थट्टा करतो, सही करतो, जातो. शेड बंद झाली. बियर मात्र जोरात चालली आहे, गारेगार प्यायली तर फारसं कळतही नाही. कोणीतरी अधूनमधून लिहितं की आता पूर्वीची मजा राहिली नाही, मोठे झाले आणि बिघडले. मी सभ्यपणे उत्तर देतो की कृती तीच आहे. ते खोटं नाही. मोठ्या टाकीतही चांगली बियर निघाली असती. फक्त 'थांब' म्हणणारा माणूस लागला असता, आणि त्याला मीच गप्प केला होता.

एकदा वहिनींचा फोन आला. "भाऊजी, हे हल्ली कालवण पण चाखत नाहीत. मीठ बघा म्हटलं की म्हणतात, मला काय विचारतेस. काय झालंय यांना?" मी म्हणालो, वय झालं आता आमचं.

गेल्या हिवाळ्यात त्याच्या पुतणीची हळद होती. दुपारी अंगणात टोप रटरटत होते. त्याच्या काकांनी डाव भरून हाक मारली, "ये रं, हात कर पुढं."

तो मागे सरकला. "मना नको, काका. माझी जीभ मेलीय."

"आरं, मग चाखायचा कोनी?"

"ह्याला द्या. यो बियरवाला, मोठा इंजिनियर हाय."

सगळे हसले, आणि रस्सा माझ्या तळहातावर आला. कढत, तिखट. त्यापलीकडे मला काही कळलं नाही. तो माझ्या मागेच उभा होता. कानाशी येऊन म्हणाला, "खाली लागलंय का रे? करपट वास येतोय." लगेच स्वतःच मान हलवली. "जाऊ दे. माझ्या नाकाचं काय खरं."

तेव्हाच वरचं वरचं दुसऱ्या टोपात काढलं असतं तर जेवण वाचलं असतं. त्याच्या नाकावर भरवसा ठेवायचा तर सगळ्यांदेखत ठेवावा लागला असता. मी म्हणालो, "उतरवा."

पंगत बसेपर्यंत करपट वास अख्ख्या मांडवाला लागला होता. "इंजिनियरनी चाखलेलं मटन!" म्हणून पोरीबाळींपासून म्हाताऱ्यांपर्यंत सगळ्यांनी माझी टर उडवली. त्याने तेवढा खांद्यावर हात टाकला. "मनाला लावून घेऊ नको रे. होतं असं बऱ्याच जणांचं."

हे लिहिलं म्हणजे त्याला सांगून झालं, असं नाही. सातबाऱ्यापलीकडे तो काही वाचत नाही. तिन्ही पेल्यांत एकच बियर होती, तू बरोबर ओळखलं होतंस, तुझी जीभ शाबूत आहे, एवढं सांगायचं मी त्याचं देणं लागतो. आणि ते त्याच्या काकांच्या समोर, त्याच अंगणात. अजून सांगितलेलं नाही.