दहीभात खाल्लेलं मशीन

विकसनशील देशांत नवं तंत्रज्ञान येतं तेव्हा त्याचं व्यवस्थापन कसं होतं, या विषयावर मी पुण्यात पीएच.डी. केली. विषय ऐकला की गावाकडची माणसं आदरानं मान हलवायची आणि लगेच जेवलीस का म्हणून विचारायची. आईनं मात्र नीट विचारून घेतलं होतं. मी तिला सोपं करून सांगितलं की नवीन मशीन आलं की लोक ते का घेतात आणि का टाकून देतात, ते बघायचं. ती म्हणाली, "मंग त्याच्यासाठी पुण्याले कायले गेली? आपल्या घरी कोपऱ्यात पडलेल्या मशिनी का कमी आहेत?"

पाहणीसाठी गाव निवडायची वेळ आली तेव्हा मी माझं माहेर, फुलसावंगीच निवडलं. मार्गदर्शकांना त्याची चांगली भारदस्त कारणं दिली. खरं कारण एवढंच होतं की मला कापूस वेचणीच्या दिवसांत घरी राहायचं होतं. शिकायला बाहेर पडल्यापासून ते दिवस मला मिळालेच नव्हते.

आमच्याकडे वेचणी म्हणजे बायांचं राज्य. आईच्या सोबतिणींची एक टोळी होती. आज हिच्या वावरात, उद्या तिच्या, असं करत सगळ्या मिळून सगळ्यांचा कापूस वेचायच्या. कमरेला ओटी बांधायची, एकेकीनं एकेक ओळ धरायची आणि हातांआधी तोंडं सुरू व्हायची. गावातली निम्मी लग्नं पऱ्हाटीत, म्हणजे कापसाच्या उभ्या पिकात जमली आणि उरलेल्या निम्म्यांचं काय चाललंय तेही तिथंच कळायचं. टोळीतल्या दोघी बौद्ध घरातल्या. त्या वेचणीच्या पूजेला बसत नसत, पण उखाण्यात आणि टोमण्यात त्यांचा हात कुणी धरला नाही. मी लहानपणी कापसाच्या ढिगावर पडून हे सगळं ऐकायची. ढीग उन्हानं कोमट झालेला असे, अंग हळूहळू आत जाई आणि बायांचे आवाज लांबून आल्यासारखे वाटत. तितकी सुखाची झोप मला नंतर कुठल्याच गादीवर लागली नाही, हे आजही शपथेवर सांगेन.

मी हे आईला सांगितलं की ती वैतागायची. "तुले वेचणी आवडते, कारण तुले वेचा लागत नव्हतं." मग ती बोटं पुढं करायची. बोंडांच्या वाळलेल्या टोकांनी त्यांची सालं निघालेली असायची.

मी पाहणीला गेले त्या वर्षी घरात एक तिढा होता. माझा भाऊ नागपूरला असतो. वावराचा कारभार तो फोनवरून बघतो. त्याचं म्हणणं होतं की पुढच्या वर्षीपासून कापूस बंद, सगळं सोयाबीन. सोयाबीन पेरायला मशीन, काढायला मशीन. कापसाला मात्र ऐन वेळी बाया मिळत नाहीत, मिळाल्या तर आधी दुसऱ्याकडे जातात, आणि आईचं वय झालंय. यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. आईची टोळीसुद्धा आता ओसरली होती. कुणाची सून दुकान बघते म्हणून सासू नातवाजवळ, कुणी लेकाकडे गेलेली. आईला कापूस सोडायचा नव्हता. का, असं विचारलं तर ती म्हणे, "दसरा-दिवाळीले वावर पांढरं नाही दिसलं तं मले करमणार नाही." भावाला हे कारण पटण्यासारखं नव्हतं.

तेवढ्यात पुसदच्या एका इंजिनिअरनं कापूस वेचायचं हातातलं मशीन केलं आणि आमच्या गावातल्या बायांच्या बचत गटाला, एकेकीला एक अशी मशीनं हंगामभर वापरायला दिली. पाठीवर बॅटरी, हातात मशीन, त्याच्या तोंडात दातेरी रूळ. बोंडापुढे धरलं की ते कापूस ओढून घेतं आणि मागच्या पिशवीत टाकतं. आईनं भावाशी फोनवर ठरवून टाकलं. ह्या वर्षीचा सगळा कापूस तिनं मजूर न बोलावता घरात आणला, तर कापूस राहील. नाही आणला, तर ती सोयाबीनला हो म्हणेल. त्या दिवसापासून माझ्या संशोधनात माझ्यापेक्षा आईला जास्त रस होता.

मशीन चालवायचा पहिला दिवस नेमका आमच्या सीतादहीचा ठरला. वेचणी सुरू करताना पऱ्हाटीच्या बुडाशी दगड मांडायचे, हळदकुंकू वाहायचं आणि दहीभाताचा नैवेद्य दाखवायचा, अशी आमच्याकडची रीत. आईनं सगळं यथासांग केलं. पुसदहून इंजिनिअर आला होता, गटातल्या बाया आल्या होत्या, मी मोबाइल उघडून चित्रीकरण करत होते. मग आईनं मशीनला हळदकुंकू लावलं. इथवर कुणाची हरकत नव्हती, ट्रॅक्टरलाही लावतातच. पण कुणाच्या काही लक्षात यायच्या आत तिनं दहीभाताचा एक चांगला थोरला घास उचलून मशीनच्या तोंडात घातला आणि दोन बोटांनी आत सारला. एकीनं विचारलं, हे काय करून राह्यली? आई म्हणाली, "पोळ्याले बैलाले चारतो नं आपण? मंग कामाले लावाच्या आधी याले उपाशी ठेवाचं का?"

बाकीच्या बायांना ते इतकं पटलं की दोघींनी आपापल्या मशीनलाही घास दिला.

बटण दाबलं. मशीन गुरगुरलं, दह्याचा एक फवारा इंजिनिअरच्या शर्टावर आला आणि सगळं ठप्प झालं. नमनालाच घडाभर तेल गेलं होतं. आईचा चेहरा पडला. मला वाटलं आता इंजिनिअर चिडणार आणि मशीनं गाडीत घालून पुसदला नेणार. तसं झालं असतं तर आमच्या वावरातला कापूस त्याच दिवशी संपला होता. पण तो धुऱ्यावर, वावराच्या बांधावर बसला आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला. मग पाने-पेचकस काढून त्यानं एकेक मशीन खोललं आणि मला घरून जुना टूथब्रश आणायला लावून रुळांच्या दातांतली शितं काढत बसला. खोलायला फार वेळ लागत होता. तेव्हा त्याला जाणवलं, की भात अडकला तसा वाळला पालाही अडकणार आणि दरवेळी बाई पेचकस कुठून आणणार? थोड्याच दिवसांत तो तोंडाचा नवा भाग घेऊन आला. खिट्टी सरकवली की तोंड डब्याच्या झाकणासारखं उघडायचं. हातानं पुसलं, पुन्हा बंद केलं, काम सुरू.

मशीन चाललं ते त्या खिट्टीमुळे. पुढे मी यावर प्रबंधात एक अख्खं प्रकरण लिहिलं, की नवनिर्मिती कारखान्यात अर्धीच होते आणि उरलेली वापरणाऱ्याच्या हातून होते. सुरुवातीचा बिघाड कशानं झाला, असं मार्गदर्शकांनी समासात विचारलं होतं. मी लिहिलं, 'स्थानिक सेंद्रिय पदार्थामुळे.'

आई त्या हंगामात एकटी वावरात जायची. एकटी म्हणजे गावातल्या बाया होत्याच, पण ज्या त्या आपापल्या वावरात, आपापलं मशीन घेऊन. टोळी बोलवायची गरज कुणालाच उरली नव्हती. काकूचं वावर आमच्या धुऱ्याला लागून. काकू म्हणजे आईची टोळीतली सगळ्यात जुनी सोबतीण, दोघी लग्न होऊन एकाच वर्षी गावात आल्या होत्या. आमच्या वावरातली अशी एक ओळ नसेल जिला काकूचा हात लागला नाही. आता ती पलीकडे दिसायची, मान खाली, पाठीवर बॅटरी. मला ते बघवत नसे. आईला मी तसं बोलून दाखवलं नाही, कारण ती रोज भरलेल्या पिशव्या बघून खुशीत होती.

संक्रांतीच्या सुमारास शेवटचा कापूस निघाला. त्या दुपारी मी वावरातच होते. भावाचा फोन आला. आईनं पिशवीत हात घालून मूठभर कापूस बाहेर काढला आणि तो फोनवर दिसतोय की नाही याचा विचार न करता वर धरून दाखवला. तो हसला. म्हणाला, "ठीक आहे माय, तू जिंकली. पुढच्या वर्षी बी पऱ्हाटीच लावू."

आईनं फोन बंदही केला नाही, माझ्या हातात दिला आणि धुऱ्याकडे जवळजवळ धावतच गेली.

"अवो बाई," तिनं हाक मारली, "पोरगा हो म्हणला."

काकूचं मशीन चालू होतं. तिची आमच्याकडे पाठ होती. आईनं तोंडाभोवती हात धरून पुन्हा हाक मारली. मशीनची घरघर तशीच ओळीनं पुढं सरकत गेली. आई आणखी एकदा ओरडली आणि मग थांबली.

मी जवळ गेले. मला वाईट वाटत होतं आणि काहीतरी करायला हवं होतं, म्हणून म्हटलं, आई, मला सांग ना, मी ऐकते.

तिनं माझ्याकडे बघितलं. रागावली नव्हती.

"तुले सांगून काय करू बाई? कापूस गेला असता तं तुले दोन दिवस वाईट वाटलं असतं. तिले मालूम आहे न माह्यं काय वाचलं ते."

आणि ती धुऱ्यावर बसली, काकूची बॅटरी उतरायची वाट बघत.