यंत्रानं लिहिलेलं वाचणारी वैशाली

वैशाली गेल्याचा फोन आला, तेव्हा मी तिलाच मेसेज लिहीत होते. मेंदूत रक्तस्राव झाला, तिचा भाऊ म्हणाला. चाळिशीसुद्धा गाठली नव्हती तिनं. मी मेसेज पुसला, पुन्हा लिहिला, पुन्हा पुसला... अजूनही हातून कुठलंच काम धड होत नाही.

कोल्हापुरात आम्ही दोघी मिळून सॉफ्टवेअरचं छोटं ऑफिस चालवायचो. शेवटचं मोठं काम चप्पल कारागिरांच्या एका संघाचं. जोड कुणी बनवला, कुणी विकला, याची नोंद ब्लॉकचेनवर, म्हणजे सगळ्यांना दिसणाऱ्या सामायिक डिजिटल वहीत करायची. म्हणजे गिऱ्हाइकाला मोबाइलवर बनवणाऱ्याचं नाव दिसेल. नोंद करणारा प्रोग्रॅम म्हणजे स्मार्ट कॉन्ट्रॅक्ट. त्याच्याशी आमचं ॲप बोलायचं ते ‘रॅपर’मधून, आणि हा मधला कोड एक टूल आपोआप लिहून द्यायचं. पानंच्या पानं.

“यंत्रानं लिहिलेलं कुणी वाचतं का?” मी वैतागायची.

“मी वाचणार की! चुकलं तर यंत्राला जाब विचारणार हाईस?”

उद्घाटनाच्या सकाळी हॉल भरलेला असताना ती लॅपटॉप घेऊन माझ्याकडे धावत आली. “थांबव. कारागिराच्या जागी व्यापारी जातोय.” संघानं कॉन्ट्रॅक्ट दुसऱ्यांकडून बदलून घेतलं होतं, त्यात दोन्ही नावांचा क्रम उलटा झाला होता आणि आमचा रॅपर जुनाच राहिला होता. कॉम्प्युटरच्या लेखी दोन्ही नुसते पत्तेच, म्हणजे आकड्या-अक्षरांच्या लांबलचक ओळी, त्यामुळे त्याला काही खटकलं नाही. चाचणीत आम्ही दोन्हीकडे एकच पत्ता भरलेला, म्हणून तीही पास.

“नंतर दुरुस्त करा की,” संघाचे अध्यक्ष म्हणाले. “पाहुणे बसल्यात.”

“तिथं लिहिलेलं पुसता येत न्हाय, साहेब.” आणि तिनं लॅपटॉप मिटला.

पहिली नोंद शेवंताबाईंच्या जोडाची होणार होती. नवी साडी नेसून त्या स्टेजवर बसल्या होत्या. वैशाली त्यांच्यापाशी जाऊन बसली. “आक्का, आज न्हाय. आज केलं असतं तर तुमचं चप्पल दुसऱ्याच्या नावावर गेलं असतं.”

“मग बरं केलंस,” शेवंताबाई म्हणाल्या. “आजवर तसंच जात आलंय. त्याला नवी साडी कशाला नेसू?”

अध्यक्ष बरेच दिवस आमच्याशी बोलले नाहीत. रॅपर नव्यानं तयार केला, वेगवेगळे पत्ते घालून तपासला आणि मग नोंद बरोबर पडली. मोबाइलवर स्वतःचं नाव आलं, तेव्हा शेवंताबाई कितीतरी वेळ त्यावर बोट ठेवून उभ्या होत्या. वैशाली मात्र खूश नव्हती. “अजून कुठंतरी काहीतरी राहिलं असणार,” एवढंच म्हणाली. जायची कसली एवढी घाई होती तिला, आता मी विचारत बसते... आणि कुणाला?

गेल्या आठवड्यात तिच्या शिवाजी पेठेतल्या घरी गेले. तिच्या आईनं, काकींनी, वरची तिची खोली उघडून दिली. कोड मोठ्यानं वाचत ती दुपारभर तिथं येरझाऱ्या घालायची आणि खालच्या मजल्यावरच्या वहिनी छताला काठी ठोकायच्या, हे मला तेव्हा कळलं.

“परवा त्याच वर आल्या,” काकी म्हणाल्या. “म्हणाल्या, काकी, दुपारचं जरा चाला की वर. लई शांत वाटतंय.”

मग माझ्यानं बसवेना. उठून खिडकीपासून दारापर्यंत गेले, परत फिरले. काकी फरशीकडे बघत होत्या.

“जरा जोरात पाय टाक,” त्या म्हणाल्या.