ठशांवरची चीर

लाकडी ठशांवरून रंगीत चित्रं छापण्याची कला पुन्हा जिवंत झाली, असं आता पेपरात येतं. त्या बातम्यांसोबत चाकणच्या कांदा बाजाराचं एक चित्र असतं. त्याचे पाचही ठसे मी कोरले आहेत. चित्राखाली पेन्सिलीनं सही आहे ती पिंपळे गुरवच्या एका चित्रकार बाईंची. माझं नाव कुठेच नाही आणि ते मीच सोडून दिलं, हे लिहितानाही माझं डोकं तापतं.

वितळलेलं लोखंड ज्या वाळूच्या साच्यात ओततात, तो साचा उठवायला लागणारा लाकडी नग मी बनवायचो. कारखान्यात त्याला पॅटर्न म्हणतात. गावाहून रिकाम्या हातानं आलो आणि चाकणला स्वतःची शेड उभी केली. पुढे कंपन्या मशीनवर कापलेले पॅटर्न घेऊ लागल्या, माझ्या पटाशा भिंतीवर टांगून राहिल्या. अशात बाई आल्या. प्रत्येक रंगाला वेगळा ठसा, आणि पाचही एकमेकांवर तंतोतंत बसले पाहिजेत. एवढं नेमकं कोरणारा त्यांना दुसरा सापडला नव्हता.

"काका, चित्राखाली दोघांचं नाव टाकू," त्या म्हणाल्या.

कंपन्यांच्या खरेदी अधिकाऱ्यांशी घासाघीस करण्यात माझा जन्म गेलेला. समोरचा आपणहून जे देतो ते स्वस्तातलंच असतं, असं मी धरून चालतो.

"नावाचं काय लोणचं घालू, मॅडम? नाव तुमचंच ठेवा. छापून झालं की ठसे मला परत द्या."

"नक्की?"

"लिहून द्या."

त्यांनी लिहून दिलं. मी मनात हसलो. आमच्या धंद्यात पॅटर्न ज्याच्या ताब्यात, माल त्याचा. पॅटर्न आहे तोवर हवे तितके नग ओता.

प्रदर्शन झालं, बाईंचं कौतुक झालं. मग ठसे आले. प्रत्येकावर या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत खोल चीर मारलेली.

फोनवर मी तोंडाला येईल ते बोललो. बाईंनी ऐकून घेतलं.

"काका, ठरलेल्या प्रती काढल्या की पुन्हा कुणी छापू नये म्हणून ठसा रद्द करतात. सगळीकडे हीच रीत आहे. मला वाटलं, तुम्हाला आठवण म्हणून हवेत."

"आठवण? तीन महिने मान मोडून बसलो ते आठवणीसाठी?"

"म्हणून तर नाव देत होते."

मी फोन कापला.

चीर बुजवणं मला अवघड नव्हतं. सागाच्या बारीक पट्ट्या बसवल्या, तुटलेल्या रेषा पुन्हा कोरल्या. बाई वापरतात तसलाच कागद आणून ओला केला, ठशांना ब्रशनं रंग लावला, कागद वर दाबला. रेषा केसाचाही फरक न पडता बसल्या. पण बाईंच्या चित्रात कांद्याचा गडद लाल रंग कडेला वाळल्या सालीसारखा फिका होत जातो. माझ्या कागदावर तो डबक्यासारखा साचला. वीसेक कागद वाया घालवले. ब्रश किती ओला ठेवायचा, कुठे उचलायचा, ते माझ्या हाताला ठाऊक नव्हतं.

गेल्या महिन्यात नव्या चित्रासाठी त्यांचा निरोप आला. या वेळी नाव टाकायचंच, म्हणाल्या. मी कळवलं, आधीच्या चित्रावर टाका, मग बोलू. त्या प्रती केव्हाच लोकांच्या भिंतींवर गेल्यात, हे मला माहीत आहे. तरी अडून बसलो आहे. मी छापून पाहिलं होतं, हे मात्र त्यांना सांगितलेलं नाही.