जीपचं औषध

गॅरेजमध्ये दोन गोष्टी न मागता साठतात. एक जळकं ऑइल आणि दुसरे किस्से. ऑइल न्यायला टेम्पोवाला येतो तरी. किस्से मात्र तिथंच पडून राहतात आणि ज्यांचे ते असतात ती माणसं निघून जातात.

वेल्ह्याच्या बाजाराच्या जरा पुढं दिलीपचं गॅरेज आहे. मी भोरच्या एसटी डेपोत मेकॅनिक होतो. रिटायर झाल्यावर गावी आलो आणि रोज सकाळी त्याच्या बाकड्यावर जाऊन बसायला लागलो. घरी बसून करायचं तरी काय? तिथं मला सगळे 'डेपोवाले' म्हणतात. बाकड्याचा दुसरा मालक होते बबनअण्णा. गुंजवण्याचे. जुनी डिझेल जीप, शिटा भरल्या की नसरापूरला जायचे, तिथून पुन्हा शिटा भरून परत.

अण्णा डिझेलच्या टाकीत औषधाची बाटली ओतायचे. इंजिन साफ होतं, ॲव्हरेज वाढतं, पिकअप सुधारतो, असं बाटलीवर छापलेलं असायचं. दिलीपचं म्हणणं, चांगल्या गाडीला ती लागत नाही आणि बिघडलेल्या गाडीला ती पुरत नाही. वर्षानुवर्षं हेच एक भांडण.

"एकदा तोंडानं म्हण, बाटलीनं फरक पडतो," अण्णा म्हणायचे. "मग म्या मराया मोकळा!"

"मग तर म्हणतच न्हाई. बसा वाट बघत."

आम्ही खूप हसायचो. आता तिथला चहाही गोड लागत नाही.

*

अण्णा 'ओततो' म्हणायचे नाहीत, 'पाजतो' म्हणायचे. बैलाला औषध पाजायचं बांबूचं नळकांडं त्यांच्या घरात होतं. बैल गेले, नळकांडं जीपला लागलं. टाकीच्या तोंडात ते तिरकं धरायचे, बाटली हळूहळू रिकामी करायचे आणि मग जीपच्या पाठीवर दोन थापा मारायचे.

राजगड चढायला आलेल्या पुण्याच्या एका पोरीनं याचा मोबाईलवर व्हिडिओ काढला.

"आजोबा, यानं काय होतं?"

"पोट साफ ऱ्हातं."

"गाडीचं?"

"मग काय माझं? माझं कुणी बघतंय व्हय!"

*

भोरच्या कचेरीतले एक साहेब नवी कोरी पेट्रोल गाडी घेऊन आले. शोरूमवाले दर सर्व्हिसिंगला बाटली घालायचा आग्रह करतात, घालू का, म्हणाले.

दिलीपनं विचारलं, "साहेब, तुमी रोज टॉनिक घेता?"

"छे! मला काय झालंय?"

"मग गाडीला काय झालंय? ऑइल येळेवर बदला, फिल्टर बदला, बऱ्या पंपावर पेट्रोल भरा. गाडीच्या पुस्तकात बाटली लिवली आसंल तर घाला, नसंल तर नका घालू."

साहेब खूश होऊन गेले. बाकड्यावरून अण्णांचा आवाज आला, "वाटोळं केलंस! आमच्या पंथाला एक शिकलेला माणूस मिळत हुता!"

*

भात लावणीचे दिवस. अण्णांच्या जीपमध्ये लावणीला निघालेल्या बाया खच्चून भरलेल्या. मार्गासनीच्या अलीकडं जीपनं दोन आचके दिले आणि बंद पडली. बायांनी चिखलातून ढकलली, अण्णांच्या सात पिढ्या उद्धरल्या आणि उरलेली वाट चालत धरली.

दिलीप मोटारसायकलवर गेला. मागं मी. डिझेल फिल्टर काढला तर आत नुसता गाळ आणि पाणी!

"बघा. बघा तुमच्या बाटलीचा परताप."

अण्णांनी फिल्टर हातात घेतला, उन्हाकडं धरला आणि त्यांचा चेहराच उजळला.

"आरं, टाकीत बसलेली घाण सुटून हितं आली! औषध लागू पडलं की रं!"

दिलीपनं माझ्याकडं पाहिलं. मी डेपोत उभा जन्म काढलेला माणूस, पण हे अगदीच खोटं आहे असं मलाही म्हणता येईना. बाटलीनं जुना गाळ सुटतो कधी कधी. मी गप्प राहिलो आणि अण्णांनी ते माझं मत म्हणून गावभर सांगितलं.

*

मग जीपचं पासिंग आलं. जीप काळा धूर ओकत होती. पासिंग झालं नाही तर जीप भंगारात जाणार आणि अण्णा घरी बसणार, हे सरळ होतं. मुलगा प्रकाश चाकणला कंपनीत. तो म्हणतच होता, "विका ते डबडं." अण्णा घरी बसणारे नव्हते. घरी बसले तर ते टिकणार नाहीत, असं आम्हाला दोघांनाही वाटत होतं.

दिलीप म्हणाला, "अण्णा, नोजल उघडून साफ करू."

"हात लावू नगंस! एकदा उघडलं की मशीन पयल्यासारखं ऱ्हात न्हाई." हा त्यांचा कायदा होता. त्यांनी बाटल्या वाढवल्या.

"बरं, ब्रेक तरी बघू द्या," म्हणून दिलीपनं जीप ठेवून घेतली. अण्णा एसटीनं घरी गेले. आम्ही दोघांनी इंजिनात डिझेल फवारणारे ते नोजल उतरवले, साफ करून टेस्ट केले, पुन्हा बसवले आणि वरची धूळसुद्धा होती तशी लावून ठेवली!

जीप पास झाली. अण्णा पेढे घेऊन आले.

"घे. बाटलीच्या नावानं खा."

दिलीपनं पेढा तोंडात टाकला. "गोड हाय," एवढंच म्हणाला.

*

त्या हिवाळ्यात अण्णांना खोकला लागला. गेला नाही. खोकल्याच्या औषधाची बाटली डॅशबोर्डवर आणि जीपच्या औषधाची सीटखाली, असा प्रवास सुरू झाला. शिटा उतरवून गॅरेजवर यायचे, एक घोट स्वतः घ्यायचे आणि मग जीपला पाजायचे.

मी म्हणालो, "भोरला जाऊन फोटो काढू छातीचा. मी येतो संगं."

"हूं."

दिलीप म्हणाला, "अण्णा, आता उघडून बघाया पायजेल."

"जीप?"

"तुमाला!"

अण्णा हसले, हसता हसता खोकले आणि खोकता खोकता बाकड्यावर आडवे झाले. उठून बसल्यावर त्यांनी पुन्हा तेच सांगितलं. एकदा उघडलं की पहिल्यासारखं राहत नाही.

जीपच्या वेळी दिलीपनं त्यांना फसवलं होतं. माणसाला असं फसवता येत नाही. आम्ही नुसते बोलत राहिलो, ते नुसते हसत राहिले आणि दिवस गेले. फार राग येतो मला त्या दिवसांचा.

*

शेवटी प्रकाशनं त्यांना पुण्याच्या दवाखान्यात नेलं तेव्हा डॉक्टरच म्हणाले, आता उघडून काही उपयोग नाही.

आम्ही दोघं भेटायला गेलो. अण्णांचे हात चादरीवर सुकलेल्या काटक्यांसारखे पडलेले. बायको, म्हणजे अक्का, उशाशी बसलेली. अण्णांनी डोळे उघडले.

"जीपला पाजली का?"

"फिल्टर बदलला," दिलीप म्हणाला. "ऑइल बदललं."

"त्ये न्हाई इचारलं."

दिलीपनं चादरीचं टोक सारखं केलं.

"आता तरी म्हण की रं. फरक पडतो म्हण."

मी दिलीपला कोपरानं ढोसलं. त्याचे डोळे भरले होते, पण मान काही हलली नाही. "न्हाई म्हणत. तुमी घरी या. हितं न्हाई, बाकड्यावर बसून भांडू."

म्हटलं की ते मरायला मोकळे होणार, हे तो धरून बसला होता. एवढा पाना चालवणारा माणूस, पण बसला धरून!

अण्णा घरी आले, पण ॲम्ब्युलन्समधून, आणि भांडायला नाही.

*

दहाव्याला सगळे गुंजवणी नदीच्या काठी जमले. आमच्या घरात हा विधी नाही, आम्ही बुद्धवंदना घेतो. कावळ्याचं मला काही कळत नाही आणि पटतही नाही. मी मागं उभा होतो, दिलीप माझ्याशेजारी.

पिंड ठेवले. समोरच्या उंबरावर कावळे ओळीनं बसलेले. एक खाली येईना.

प्रकाश हात जोडून म्हणाला, "अण्णा, आईला संभाळीन." कावळे हलले नाहीत.

"नातीचं शिक्शान करीन." नाही.

"जीप इकणार न्हाई." तेव्हा तर एक कावळा उडूनच गेला!

ऊन चढलं. माणसं चुळबुळ करायला लागली. भटजी दर्भाचा कावळा करून मोकळं व्हायचं म्हणाले. ते ऐकून अक्का फुटलीच. "उपाशी चालला की वो! काय ऱ्हायलंय तुमचं? सांगा की, कशात जीव आडकलाय?" असं नदीकडं तोंड करून तिनं विचारलं आणि मग मान वळवून दिलीपकडं पाहिलं.

दिलीपनं चपला काढल्या. माणसांतून वाट काढत पुढं गेला, पिंडापुढं उभा राहिला आणि त्यानं हात जोडले.

"अण्णा, बाटलीनं फरक पडतो." त्यानं उंबराकडं पाहिलं. "लई फरक पडतो."

उंबरावरून एक कावळा उठला, सरळ खाली आला आणि पिंडाला शिवला.

अक्कानं पदर डोळ्यांना लावला. दिलीप परत येऊन माझ्याशेजारी उभा राहिला. हात अजून जोडलेलेच.

"खोटं बोललो म्या, डेपोवाले."

"हळू बोल," मी म्हणालो. "अजून खातोय त्यो."